नियमावली नवी, जोती जुनीच

कायदा कागदावर सुधारला की गाव आपोआप सुधारते, अशी एक सोयीची समजूत आपल्या राज्यकर्त्यांत, व पुष्कळ अंशी आपल्या लोकांतही, रूढ आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई महानगरपालिका, महाबळेश्वरसारखी गिरिस्थाने व इतर काही क्षेत्रे वगळता बहुतेक साऱ्या राज्यास ती लागू झाली. तत्पूर्वी एका गावी जे रीतसर ते दुसऱ्या गावी बेकायदा ठरे, आणि या घोळात नागरिकाचे हेलपाटे व मध्यस्थाची मिळकत ही दोन्ही सारखीच वाढत. हा घोळ मिटविल्याबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. परंतु सातारा व सांगली या दोन नगरांपुरता विचार केला असता, ज्या संकटांसाठी बांधकामाचे नियम हवेत तेथवर ही नियमावली पोहोचते काय, हा प्रश्न उरतोच.

ही दोन्ही नगरे कृष्णाकाठच्या एकाच मुलखातील. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कागदोपत्री वाटणी झाली, तशी भयाचीही जणू वाटणी झाली आहे: साताऱ्यास जमिनीचे भय, सांगलीस पाण्याचे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास जो भूकंप झाला, त्यात सुमारे १८० माणसे दगावली. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपापासून जवळजवळ निर्धास्त मानले जात असे. त्या आघातानंतर १९७० साली भूकंपविभागांचा नकाशा बदलून कोयनेचा परिसर चौथ्या विभागात घालावा लागला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस हजारो माणसे मेली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदांचे ओझे यांखाली. जमिनीचा हादरा माणसास क्वचितच मारतो. मारते ते त्याचे स्वतःचे घर. भिंतीच्या दोन अंगांस जोडणारे आरपार दगड, आणि जोते, चौकट व छप्पर या पातळ्यांवर घरास कमरपट्ट्याप्रमाणे वेढणारे सलग पट्टे, एवढ्या साध्या उपायांनी अशी घरे पुष्कळ अंशी तगतात, हे भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच लिहून ठेविले आहे.

सांगलीची कथा याहून निराळी नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. त्यापूर्वी २००५ साली व त्यानंतर २०२१ साली महापूर आलाच. अवघ्या सोळा वर्षांत तीन महापूर! नियमावली म्हणते की, नदी व निळी पूररेषा यांमध्ये नवे घर बांधू नये. निळी व लाल रेषा यांमध्ये बांधल्यास जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर उंच असावे. निळी रेषा सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नियम शहाणपणाचा आहे. पण सखल भागात लाल रेषा पुरुषभर उंचीवरून जात असेल, तर घर खांबांवरच उभारावे लागेल, आणि तो खर्च सामान्य मनुष्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. मग तो मुरुमाचा भराव टाकून आपले अंगण उंच करितो व आपल्या वाट्याचे पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटतो.

आता मुख्य मुद्दा. याच नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरास, काही अटींवर, रीतसर परवानगीची अट काढून टाकिली आहे. परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा दिला, शुल्क भरले, की मिळालेली पोच हीच परवानगी. यामागील हेतू आम्हांस मान्य आहे. परवानगी म्हणजे लाच, असे समीकरण ज्या देशात लोकांच्या मनात बसले, तेथे परवानगी कमी करणे ही सुधारणाच होय. परंतु लहान घर म्हणजे कमी धोक्याचे घर, हे गृहीत कोणी सिद्ध केले? भूकंपात आणि पुरात आधी कोसळतात ती लहानच घरे. फाईल कमी झाली याचे स्वागत असो. पाहणीही कमी झाली, तर मात्र सरकारने गरिबास सवलत दिली नसून वाऱ्यावर सोडिले असेच म्हणावे लागेल.

गुंठेवारीचे उदाहरण घ्या. २००१ साली कायदा करून अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. २०२१ साली तीच सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस देण्यात आली. शामरावनगरासारख्या सखल भागात पदरमोड करून गुंठा घेणारा मनुष्य गुन्हेगार नव्हे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. त्याच्या मालकीतील दोष कायद्याने दूर होऊ शकतो. भिंतीतील दोष किंवा जमिनीचा सखलपणा कोणत्याही अधिनियमाने दूर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजाविले आहे की, केवळ काळ लोटला म्हणून अनधिकृत बांधकाम कायदेशीर होत नाही, आणि चुकीचा पूर्णत्वाचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. या निकालाचा धाक बड्यांस किती व झोपडीवाल्यास किती, हे पाहणे लोकांच्या हाती आहे.

तेव्हा करावे काय? पूररेषा केवळ नकाशात न ठेविता सांगलीच्या प्रत्येक पेठेत, चौकाचौकात खांबांवर रंगवून लोकांच्या डोळ्यांसमोर आणावी, व तीन महापुरांच्या अनुभवानंतर ती पुन्हा तपासून घ्यावी. नगरसंस्थेच्या अभियंत्याने लहान घराचे जोते भरताना एकदा व छप्पर चढताना एकदा, विनाशुल्क, जाऊन पाहावे. साताऱ्याच्या हद्दीत २०२० साली जी उपनगरे आली, तेथून हा प्रघात सुरू करता येईल. भूकंपास व पुरास टिकतील अशा लहान घरांचे तयार नकाशे मराठीत फुकट द्यावे आणि गवंड्यांस शिकवावे; कारण आपल्याकडे गरिबाचे घर वास्तुशास्त्रज्ञ बांधीत नाही, गवंडी बांधितो. उंच जोत्याचा जादा खर्च सोसवत नसेल त्यास सरकारने हातभार लावावा. पूर ओसरल्यावर वाटावयाच्या सानुग्रह मदतीचा काही अंश आधीच जोत्यात घातला, तर तो पैसा अधिक सत्कारणी लागेल.

पुढील नगरपालिका वा महानगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार मते मागण्यास येतील, तेव्हा रस्ते व दिवे यांबरोबर मतदारांनी एवढे अवश्य विचारावे: आमच्या गल्लीतील किती जोती तुम्ही पाहिलीत? पुढचा पावसाळा किंवा पुढचा हादरा नियमावलीचे पान उलटून पाहणार नाही.