अजिंठ्याचा पहारा : यंत्रे अनेक, निर्णय एक

वाघूर नदीच्या नालाकृती खोऱ्यातील अजिंठा लेण्यांना १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर संरक्षणाचे उपाय वाढत गेले. खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूर तिठ्यावरच थांबवली जातात. चित्रे असलेल्या लेण्यांत मंद प्रकाश ठेवला जातो. तरीही पावसाळ्यातील झिरपा, पर्यटकांच्या श्वासातून वाढणारी आर्द्रता आणि कातळातील भेगा हे धोके कायम आहेत. त्यांवर यांत्रिक पाळत ठेवावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र यंत्रे बसवली म्हणजे पाळत सुरू झाली, हा समज अपुरा आहे.

अडचण संदेशवहनाची आहे. बेसॉल्टचा जाड कातळ बिनतारी लहरी अडवतो आणि रंगवलेल्या भिंतींना छिद्रे पाडून तारा नेता येत नाहीत. विजेरीवर चालणाऱ्या संवेदकाची बरीच शक्ती संदेश पाठवण्यातच खर्च होते. त्यामुळे प्रत्येक संवेदकाने आपली सारी मोजमापे मुख्य केंद्राकडे धाडणे व्यवहार्य ठरत नाही. त्याने जागच्या जागी निष्कर्ष काढून केवळ ‘धोका आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवायचे आणि अंतिम निर्णय केंद्राने घ्यायचा, हा मार्ग उरतो.

सांख्यिकीत या प्रश्नाचा पाया नेमन आणि पिअर्सन यांनी १९३३ मध्ये घातला. कोणत्याही चाचणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात : धोका नसताना इशारा देणे आणि धोका असताना गप्प राहणे. एक कमी केली की दुसरी वाढते. विखुरलेल्या संवेदकांसाठी हा विचार टेनी व सँडेल यांनी १९८१ मध्ये पुढे नेला. कोणत्या संवेदकाच्या मताला किती वजन द्यावे, याचे सूत्र चेअर व वार्ष्णेय यांनी १९८६ मध्ये मांडले.

समजा, पाच संवेदकांपैकी प्रत्येक जण खरा धोका शंभरात ८० वेळा ओळखतो आणि १० वेळा उगाच इशारा देतो. किमान तिघांचे एकमत झाले तरच केंद्राने इशारा मानायचा, असा नियम केला तर खरा धोका सुमारे ९४ टक्के वेळा सापडतो आणि खोटा इशारा एक टक्क्याच्याही खाली येतो. प्रत्येकाकडून एकच अक्षर येऊनही एवढा लाभ होतो.

परंतु हे गणित संवेदकांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत, या अटीवर उभे आहे. आषाढातील संततधारेत सारीच यंत्रे एकाच वेळी फसू शकतात. मग पाच मतांचे मोल एका मताएवढेच राहते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. खोऱ्यातील आर्द्रता साऱ्या लेण्यांना जाणवते, पण एखाद्या लेण्यातील भेग फक्त जवळच्या संवेदकालाच कळते. तेथे बहुमताचा नियम लावणे म्हणजे एकमेव साक्षीदाराला गप्प करणे होय. आर्द्रतेसाठी बहुमत आणि भेगेसाठी एकाचाही इशारा पुरेसा, असे दोन वेगळे नियम असायला हवेत.

चुकांची किंमतही सारखी नाही. खोट्या इशाऱ्याने लेणे बंद राहिले तर फर्दापूरच्या विक्रेत्यांचा दिवस बुडतो. हुकलेल्या धोक्याने गेलेले चित्र परत येत नाही. म्हणून खोटे इशारे निमूट सोसावेत, असेही नाही. निजामाच्या राजवटीत १९२० च्या दशकाच्या प्रारंभी इटालियन तज्ज्ञांनी सद्हेतूने दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला आणि चित्रांनाच बाधक ठरला. घाईने केलेला उपायही हानी करतो. शिवाय वारंवार खोटा ठरलेला इशारा अखेर कोणी ऐकत नाही.

३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. डोंगरकड्यांखालच्या वस्त्यांसाठीही हाच प्रश्न आहे. तेथे तर पणाला माणसे लागलेली असतात.

यंत्रांच्या खरेदीची निविदा काढण्यापूर्वी, कोणती चूक किती सोसायची आणि इशारा आल्यावर कोणी काय करायचे, हे लेखी ठरवणे आवश्यक आहे. संवेदक केवळ साक्ष देतात. निवाड्याची जबाबदारी यंत्रणेचीच राहते आणि ती यंत्राच्या माथी मारता येणार नाही.