मशीन मोफत झालं, सोबतीचं काय?

आमच्या शाळेच्या हजेरीपटात एक नाव असं आहे, की त्याच्यापुढे दर मंगळवारी आणि शनिवारी गैरहजेरीची खूण असते. नववीतली मुलगी आहे. उरलेले चार दिवस ती वेळेवर येते, वह्या पूर्ण असतात, मराठीच्या तासाला सगळ्यात आधी तिचा हात वर असतो. सुरुवातीला आम्हाला वाटलं, घरात लहान भावंडं असतील, त्यांना सांभाळावं लागत असेल. विचारलं तर म्हणाली, "सर, अब्बा को मशीन पे ले जाना रहता है."

मशीन म्हणजे डायलिसिस. तिच्या अब्बांनी वीसेक वर्षं मालेगावात यंत्रमाग चालवला. शुगर होती, पण पाय सुजेपर्यंत कुणी लक्ष दिलं नाही. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास निकामी झाल्या होत्या. आता मागावर मोठा भाऊ उभा राहतो. तो एक दिवस गेला नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. अम्मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मग दवाखान्यात जायचं कुणी?

अम्मी जाऊ शकते, अधूनमधून जातेही. पण दवाखान्यातला फलक मराठीत, योजनेचा अर्ज मराठीत, औषधांची चिठ्ठी आणि रिपोर्ट इंग्रजीत. आई-वडील दोघांना उर्दू लिहिता-वाचता येतं, पण तिथे उर्दूचा उपयोग नाही. घरात मराठी नीट वाचणारी ही एकटीच. म्हणून तीच जाते. तिला मराठी आम्हीच शिकवलं, वर्गात पहिली आली म्हणून टाळ्याही वाजवल्या. त्याच मराठीमुळे तिची आठवड्यातली दोन दिवसांची शाळा बुडेल, हे तेव्हा आमच्या मनातही आलं नव्हतं.

यंदा, २०२६ मध्ये, जागतिक किडनी दिन १२ मार्चला आहे आणि तो रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात येतोय. मदतीचे आणि जकातीचे हात याच दिवसांत सगळ्यात मोकळे असतात. म्हणून या विषयावर आत्ताच बोलायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आजार एकाचा, दिवस दोघांचे

निरोगी माणसाच्या किडन्या दिवसरात्र मिळून साधारण १८० लिटर द्रव गाळतात. हे काम मशीनकडून करून घ्यायचं तर आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, हाताच्या शिरेत दोन सुया टोचून पडून राहावं लागतं. आपल्याकडे अनेकांचं दोनदाच होतं. आठवड्याला दोन म्हटलं तरी वर्षाच्या १०४ खेपा झाल्या, तीन म्हटलं तर १५६.

खेप चुकवता येत नाही. चुकली तर अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसांत जातं, दम लागतो. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. मशीनवरून उठल्यावर कित्येकांचा रक्तदाब खाली येतो, चक्कर येते, पायांत गोळे येतात. अशा माणसाला एकट्याने रिक्षात बसवून पाठवता येत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णामागे आणखी एका माणसाचा दिवस जातो. आमचं सगळं म्हणणं या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

हा आजार विरळा राहिलेला नाही. किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. आयसीएमआरच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातले सगळे डायलिसिसपर्यंत जाणार नाहीत. पण जे जातील, त्यांच्या घरातलं आणखी एक माणूस सोबत ओढलं जाणार आहे.

योजनेत काय आहे आणि काय नाही

सरकारने काही केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१६ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दर वर्षी किडनी निकामी झालेल्या २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, एका खेपेला साधारण दोन हजार रुपये लागतात आणि वर्षाचा खर्च तीन लाखांच्या वर जातो, असं त्यांनी सभागृहात सांगितलं होतं. जिल्हा रुग्णालयांत मशीन आली, गरिबांचं डायलिसिस मोफत झालं. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, खुद्द जेटलींवरच किडनी प्रत्यारोपणाची वेळ आली. या आजारापुढे गरीब-श्रीमंत दोघेही सारखेच.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. त्यात डायलिसिस आहे, प्रत्यारोपणही आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने या योजनेचं संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या रुग्णालयांत कागदपत्रांसाठी 'आरोग्यमित्र' बसतात. या सोयींमुळे आमच्या ओळखीतले कित्येक लोक आज हयात आहेत.

पण जेटलींच्या त्याच भाषणात आणखी एक गोष्ट होती, ती मागे राहिली. उपचारासाठी कुटुंबांना लांब लांब खेपा घालाव्या लागतात, प्रवासाचा खर्च होतो आणि मजुरी बुडते, हेही त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे दुखणं सरकारला ठाऊक होतं. इलाज मात्र मशीनच्या खेपेपुरताच झाला. बुडालेल्या मजुरीचा आणि सोबत येणाऱ्या माणसाचा रकाना कुठल्याच अर्जात आला नाही.

दोन उदाहरणं पाहा. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाला भाड्यात सवलत मिळते आणि ती सोबतच्या एका माणसालाही मिळते. म्हणजे रुग्णाबरोबर कुणी तरी लागतं, हे एका सरकारी खात्याने तरी मान्य केलंय. दुसरीकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्यात आहेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस मशीनला बांधलेला किडनीचा रुग्ण मात्र त्या यादीत नाही.

हे दुसरं माणूस बहुतेक वेळा बाईच असते

केंद्र सरकारचं २०२४ चं वेळ-वापर सर्वेक्षण सांगतं, की १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या देखभालीचं काम करतात. पुरुषांचं प्रमाण २१.४ टक्के आहे. त्या कामात स्त्रियांची दिवसाला सुमारे १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. यात मुलांना सांभाळणंही आलं. पण आजाऱ्याचं पथ्य, गोळ्यांच्या वेळा, दिवसभरात किती पाणी प्यायचं याचा हिशेब कोण ठेवतं, हे आपल्या घरात नजर टाकली तरी कळेल.

आता उलट बाजू. नोटो या राष्ट्रीय संस्थेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची आणि फक्त ६,९४५ स्त्रियांची होती. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियाच जास्त. बायको किडनी देते, आई देते, बहीण देते. त्यांच्यावर वेळ आली तर देणारं कुणी पुढे येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने प्रतीक्षा यादीतल्या स्त्रियांना प्राधान्य द्यावं, अशी सूचना राज्यांना केली. सूचना चांगली आहे, पण ती रुग्णालयाच्या यादीपुरती आहे. घरातली यादी आपल्यालाच बदलावी लागेल.

आणि स्त्रियांमध्येही सगळ्यात आधी शाळकरी मुलीचा नंबर लागतो, कारण तिच्या दिवसाला मजुरी नसते. मुलगा घरी राहिला तर पैसे बुडतात, मुलगी राहिली तर 'फक्त शाळा' बुडते. नववीत आठवड्याचे दोन दिवस गेले, दहावीत तीन जातील. मग गणित सुटतं, विज्ञान सुटतं आणि एक दिवस नाव कमी होतं. दाखल्यावर कारण लिहिलं जातं 'घरगुती अडचण'. किडनीचा उल्लेख कुठेच येत नाही.

रमजानची मदत आणि बारा महिन्यांचा आजार

आपला समाज हात आखडता घेणारा नाही. मशिदीत कुणी उभं राहून आपल्या रुग्णासाठी बोललं की रुमाल भरतो. जकातीच्या आठ मानकऱ्यांत गरीब, मोहताज तर आहेतच, कर्जात बुडालेलेही आहेत. दीर्घ आजाराचं घर या तिन्हींत बसतं. पण ही मदत रमजानमध्ये एकदम येते. घरात एकरकमी पैसा आला की तो आधीच्या उधारीत जातो. जिलहिज्जपर्यंत हात पुन्हा रिकामा होतो, मशीन मात्र चालूच असतं.

आमचं म्हणणं एवढंच, की जकात बारा भागांत देता येते. वर्ष पूर्ण होण्याआधी थोडी थोडी देण्याला उलेमांनी परवानगी दिलेली आहे, आपल्या मौलानांना विचारून घ्या. एका मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून एका रुग्णाचं रिक्षाभाडं आणि औषधं दर महिन्याला पोचवली, तर त्या घराला पुढच्या महिन्याची चिंता राहणार नाही. हनफी मसलकात जकात गरिबाच्या मालकीत द्यावी लागते, इमारतीत किंवा मशीनमध्ये घालता येत नाही. त्यामुळे भाड्याचे पैसे थेट रुग्णाच्या हातात देणं त्या दृष्टीनेही सरळ आहे. मशीनसाठी, केंद्रासाठी द्यायचं तर सदका आणि इमदाद आहेच.

रोजाबद्दलही बोलायला हवं. डायलिसिसवरचे कित्येक बुजुर्ग रोजा सुटतो म्हणून रडतात, काही जण डॉक्टरांपासून लपवून रोजा ठेवतात. आजाऱ्याला रोजातून सूट कुराणानेच दिली आहे आणि बरं होण्याची आशा नसेल तर फिदियाची वाट आहे. ती सूट घेताना शरम वाटू नये, हे घरातल्यांनी बोलून दाखवलं पाहिजे. इफ्तारच्या दस्तरख्वानावर खजूर, केळी, फळांची चाट, शरबत असतं. निरोगी माणसाला ही नेमत आहे, पण डायलिसिसच्या रुग्णाला यातलं पोटॅशियम आणि पाणी जिवावर बेतू शकतं. प्रेमाने पुढे केलेली वाटी अशा वेळी मागे घ्यावी आणि काय चालेल ते डॉक्टरांना विचारावं.

आपल्या हातात काय आहे

सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. डायलिसिसच्या रुग्णाला आणि सोबत्याला प्रत्येक खेपेचा प्रवासभत्ता मिळावा. दिव्यांगतेच्या यादीचा पुन्हा विचार व्हावा. आणि जिथे उर्दू वाचणारी वस्ती मोठी आहे, तिथे योजनेचा अर्ज आणि सूचना उर्दूतही असाव्यात. एक छापील कागद उर्दूत मिळाला, तर कुणाची तरी मुलगी वर्गात बसू शकेल.

पण सगळं सरकारवर टाकून चालणार नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं. किडनी बरीच खराब होईपर्यंत दुखत नाही, म्हणून तपासणीशिवाय कळायला मार्ग नाही. मागावर बारा-बारा तास उभं राहणारे आमचे भाऊ अंगदुखीवर मेडिकलमधून रोजच्या रोज गोळी घेतात. वर्षानुवर्षं अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर किडनीला इजा होते. जुम्म्याला माग बंद असतात. खुत्ब्याआधीच्या बयानात पाच मिनिटं यावर बोललं गेलं, तर फलकांपेक्षा जास्त फरक पडेल.

शाळेपुरतं आम्ही एक काम सुरू केलंय. आम्ही तीन शिक्षक आणि एक निवृत्त कारकून, असे चौघांनी पाळ्या लावल्या. मंगळवारी सकाळी आमच्यापैकी एक जण अब्बांसोबत जातो, कागद पाहतो, आरोग्यमित्राशी बोलतो. परत आणायला भाऊ पाळी संपवून येतो. शनिवारचं अजून जमलेलं नाही, त्या दिवशी तीच जाते. पण गेले तीन मंगळवार हजेरीपटात तिच्या नावापुढे हजेरीची खूण आहे.

चंद्र दिसण्यावर आहे, पण यंदा ईद शनिवारी येऊ शकते. तसं झालं तर त्या दिवशीही मशीन आहे. केंद्रावर दिवस बदलून मिळतो का, हे विचारायचं आम्ही कबूल केलंय. नाहीच मिळाला तर ईदची नमाज झाल्यावर आमच्यातला एक जण अब्बांना घेऊन जाईल. पोरीने त्या दिवशी नवे कपडे घालून मैत्रिणींकडे जावं.