विटांचे देऊळ आणि डागडुजीची तरतूद

रायपूरपासून सुमारे 80 किलोमीटर अंतरावर, महानदीच्या काठी सिरपूर हे लहानसे गाव वसले आहे. सातव्या शतकात त्याचे नाव श्रीपूर होते आणि दक्षिण कोसलावर राज्य करणाऱ्या पांडुवंशाची ती राजधानी होती. येथील लक्ष्मण मंदिर पाहण्यास आलेला प्रवासी बहुधा शिखराकडे मान उंचावून पाहतो आणि परत फिरतो. त्यात गैर काही नाही. शिखर आहेच तसे. मात्र या देवळाचा अर्थ ज्या शिळेवर कोरलेला आहे, ती शिळा रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे, आणि तिच्यापाशी थांबणारे थोडे.

मंदिर लाल विटांचे आहे. उंच दगडी जोत्यावर गर्भगृह उभे असून त्याचे प्रवेशद्वार तेवढे दगडी आहे. द्वाराच्या माथ्यावर शेषशायी विष्णू आणि बाजूंच्या पट्ट्यांवर विष्णूचे अवतार कोरलेले आहेत. वीट हे खरे तर साध्या घराचे साहित्य. येथे तिच्यातून कमानी, गवाक्षे, वेलबुट्टी घडविली आहे. भिंतीतील खिडक्या केवळ दिखाऊ असल्या, तरी त्यांच्या चौकटी व जाळ्या एवढ्या नेटक्या आहेत की काम सुताराचे की गवंड्याचे, असा प्रश्न पडावा. पुढचा मंडप मात्र कोसळला आहे. त्याच्या खांबांचे अवशेषच उरले आहेत आणि शिखराचा माथाही नाहीसा झाला आहे.

हे देऊळ वासटा राणीने बांधविले. मगधाच्या सूर्यवर्म्याची ती कन्या. पती हर्षगुप्त याच्या निधनानंतर, पुत्र महाशिवगुप्त बालार्जुन राज्य करीत असताना तिने हे विष्णुमंदिर उभारले. पुत्र शिवभक्त, माता विष्णुभक्त. त्यावरून कलह झाल्याचे दिसत नाही. ‘लक्ष्मण’ हे नाव पुढे लोकांनी दिले.

शिलालेखात राजस्तुती आहे, तशी ती सर्वत्र असते. महत्त्वाचा भाग त्यानंतरचा. चार गावांच्या उत्पन्नाचे चार भाग करावेत, असे तो सांगतो. एक अन्नछत्रासाठी, एक देवळाच्या मोडतोडीच्या दुरुस्तीसाठी, एक सेवकवर्गाच्या पोषणासाठी आणि चौथा विद्वान ब्राह्मणांसाठी. त्यांचा वारस जुगारी वा दुर्वर्तनी निघाल्यास दुसरा योग्य मनुष्य नेमावा, आणि तोही राजाच्या आज्ञेने नव्हे, तर त्यांच्याच संमतीने. बांधतानाच पडझडीचा विचार करणारी ही राणी दूरदर्शी होती, यात शंका नाही.

तरीही मंडप पडला. कारण काहीही असो, तो पुन्हा उभारण्यास कोणी उरले नव्हते. याच्या उलट उदाहरण मध्ययुगीन इंग्लंडमधील खेड्यांच्या चर्चचे आहे. तेथे वेदीकडील भागाची दुरुस्ती धर्मगुरूने करावी आणि लोक जेथे उभे राहतात त्या मुख्य दालनाची गावकऱ्यांनी, अशी रूढी होती. छप्पर गळू लागले की वर्गणी गोळा होई. अशी कित्येक चर्चे शतकानुशतके ठिगळे लावलेल्या अवस्थेत वापरात राहिली. सौंदर्यात ती सिरपूरच्या तोडीची नसतीलही. पण ती कोणाची, हे गावाला ठाऊक होते.

सिरपूरचे उत्खनन 1953 पासून सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने केले आणि तेथील बौद्ध विहार उजेडात आणले. लक्ष्मण मंदिराची देखभाल आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. हा नियम आवश्यकच आहे. त्याविना जोत्याला लागून दुकाने उभी राहण्यास वेळ लागणार नाही. परंतु ज्याला घराची भिंत वाढविता येत नाही, त्या शेजाऱ्याला त्या देवळातून निषेधाखेरीज काय मिळते? राखणीची कामे, वाटाड्याचे शिक्षण, विटा जुळविण्याचे कसब यांत पहिला हक्क सिरपूरच्या तरुणांचा असावा. आणि चार गावांच्या तरतुदीचा तो मजकूर, सोप्या हिंदीत व छत्तीसगढीत, देवळाच्या पायऱ्यांपाशी वाचावयास मिळावा.