विश्लेषण : जुन्या आर्केड यंत्राचे वय कसे ओळखतात? पडद्यावरचे साल का फसवते?

नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडीओ गेम यंत्रांना आज संग्राहकांची बाजारपेठ आहे आणि संग्रहालयांत जागा आहे. त्यांच्यावर नोंदवलेल्या विक्रमांवरून न्यायालयीन लढायाही झाल्या आहेत. या सगळ्यात एक प्रश्न हमखास येतो : समोरचे यंत्र नेमके कोणत्या सालचे? उत्तर सोपे वाटते, कारण यंत्र सुरू केले की पडद्यावर साल दिसते. प्रत्यक्षात सर्वाधिक फसगत त्याच सालामुळे होते.

वयाला इतके महत्त्व का?

पहिले कारण पैशाचे. मूळ कॅबिनेट, मूळ सर्किट बोर्ड आणि मूळ पिक्चर ट्यूब असलेल्या यंत्राची किंमत आणि बाहेरून तसेच दिसणाऱ्या, पण आतून बदललेल्या यंत्राची किंमत यांत मोठी तफावत असते. दुसरे कारण विक्रमांचे. ‘डाँकी काँग’ या खेळातील बिली मिशेल यांचे विक्रम ‘ट्विन गॅलेक्सीज’ या नोंदणी संस्थेने २०१८ मध्ये रद्द केले. पुरावा म्हणून दिलेल्या चित्रफिती मूळ, बदल न केलेल्या यंत्रावरील नाहीत, असे संस्थेचे म्हणणे होते. मिशेल यांनी ते अमान्य केले. ‘गिनेस’ने २०२० मध्ये त्यांचे विक्रम पुन्हा मान्य केले आणि ‘ट्विन गॅलेक्सीज’बरोबरचा दावा जानेवारी २०२४ मध्ये तडजोडीने मिटला. यंत्र ‘मूळ’ कशाला म्हणायचे, हाच या वादाचा गाभा होता. वय ठरवतानाही अडचण तीच येते.

पडद्यावरचे साल काय सांगते?

ते कॉपीराइटचे साल असते, यंत्राच्या उत्पादनाचे नव्हे. ‘मिस पॅक-मॅन’ हा खेळ अमेरिकेत १९८२ च्या सुरुवातीला बाजारात आला. पण त्याच्या पडद्यावर १९८० आणि १९८१ ही साले दिसतात, कारण तो १९८० च्या ‘पॅक-मॅन’वर बेतलेला होता. त्याचा बोर्डही ‘पॅक-मॅन’चाच, फक्त त्याला एक छोटा जादा बोर्ड जोडलेला.

याहून मोठी फसगत ‘क्लास ऑफ १९८१’ या नावाच्या यंत्राने होते. ‘मिस पॅक-मॅन’ आणि ‘गॅलागा’ हे दोन खेळ एकत्र देणारे हे यंत्र नाम्को कंपनीने काढले ते या खेळांना वीस वर्षे होत आली तेव्हा. नावातच १९८१ असल्याने ते त्या सालचे म्हणून खपण्याचा धोका कायम असतो.

नकली बोर्डांचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडच्या व्हिडीओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ या नावाने गाजलेला खेळ म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. अशा लोकप्रिय खेळांचे विनापरवाना बोर्ड सर्रास निघत. नक्कल कितीही उशिरा केलेली असली, तरी मूळ खेळाबरोबर त्याचे सालही पडद्यावर जसेच्या तसे उतरते.

मग भरवशाचा पुरावा कोणता?

सर्किट बोर्डवरच्या चिप. बहुतेक उत्पादक चिपच्या पाठीवर चार अंकी तारीख-संकेत छापतात. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ‘८१२३’ म्हणजे १९८१ चा २३ वा आठवडा, साधारण जूनची सुरुवात. एका बोर्डवर अशा डझनावारी चिप असतात आणि त्यांच्या तारखा वेगवेगळ्या निघतात.

येथे नियम साधा आहे : मूळ चिपपैकी सर्वांत उशिराची तारीख पाहायची. बोर्ड त्याआधी तयार झालेला असू शकत नाही. चिप कारखान्यातून निघून बोर्डवर बसेपर्यंत काही आठवडे वा महिने जातात, त्यामुळे बोर्डची खरी तारीख त्याच्या थोडी पुढे धरावी लागते. म्हणजे चिपवरून ‘याच्या आधीचे नाही’ हे खात्रीने कळते. ‘याच दिवशीचे’ हे कळत नाही.

यात गफलत कुठे होते?

तीन ठिकाणी. पहिली, चिपचा प्रकार-क्रमांकच तारीख समजला जातो. त्या काळच्या बोर्डांवर ‘७४’ने सुरू होणाऱ्या मालिकेतील चिप मोठ्या संख्येने असत. त्यातली ‘७४३२’ ही एक साधी तर्क-चिप आहे. नवखा माणूस तो आकडा १९७४ चा ३२ वा आठवडा असा वाचतो आणि यंत्र एकदम काही वर्षांनी म्हातारे होते. खरा तारीख-संकेत सहसा वेगळ्या ओळीत असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक ५३ च्या पुढे जात नाहीत.

दुसरी गफलत दुरुस्तीची. वीस चिप १९८१ च्या आणि एकच १९८६ ची असेल, तर ती बहुधा नंतर बदललेली असते. तिच्याभोवतीचे डाख इतरांपेक्षा वेगळे दिसतात का, हे पाहून खात्री करतात. तिसरी गफलत खेळ साठवणाऱ्या चिपची. ‘ईप्रॉम’ प्रकारच्या चिपला मधोमध काचेची छोटी खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण सोडून आतील माहिती पुसता येते आणि नवी भरता येते. त्यामुळे १९८० च्या चिपमध्ये कालपरवा भरलेला खेळही असू शकतो.

कॅबिनेटवरून काय कळते?

मागच्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर उत्पादक, अनुक्रमांक आणि विजेचा दाब लिहिलेला असतो. अनुक्रमांकावरून यंत्र उत्पादनात कितवे निघाले याचा अंदाज येतो, तारीख कळेलच असे नाही. पेटंट क्रमांक दिलेला असेल तर तो उपयोगी ठरतो. अमेरिकेत ४० लाखावे पेटंट २८ डिसेंबर १९७६ रोजी दिले गेले. त्याहून मोठा क्रमांक असलेली पट्टी त्यापूर्वीची असणे शक्य नाही.

वायरिंगही बोलके असते. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ‘जॅमा’ ही जोडणीची समान पद्धत आणली. तिच्यामुळे बोर्ड काढून दुसरा बसवणे सोपे झाले. १९८० च्या म्हणवल्या जाणाऱ्या कॅबिनेटमध्ये ही जोडणी दिसली, तर आतला भाग नंतर बदलला आहे हे नक्की. बाजूची चित्रेही तपासावीत. ‘पॅक-मॅन’च्या अमेरिकी कॅबिनेटवर ती साच्यातून रंगवलेली होती, आजच्या नकला छापील स्टिकरच्या असतात. आणि पिक्चर ट्यूबच्या जागी सपाट पडदा असेल तर अधिक शोध घेण्याची गरजच नाही.

एकाच यंत्राची दोन वये असू शकतात?

असू शकतात आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘डाँकी काँग’चेच आहे. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे मागवली. त्यातली जेमतेम एक हजार विकली गेली. उरलेल्या दोन हजारांचे करायचे काय, या विवंचनेतून शिगेरू मियामोटो या तरुण कलाकाराकडे नवा खेळ तयार करण्याचे काम आले. १९८१ मध्ये पडून असलेल्या यंत्रांत नवे भाग बसवून, त्यांच्यावर नवी चित्रे लावून ती ‘डाँकी काँग’ म्हणून विकण्यात आली. ही कॅबिनेट लाल रंगाची होती. खेळ तुफान चालल्यावर नवी यंत्रे बनवली गेली, ती निळी.

मग लाल ‘डाँकी काँग’ कोणत्या सालचे? कॅबिनेट आधीच्या खेळासाठी बनलेले, खेळ १९८१ चा. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि हा बदल कंपनीनेच केलेला असल्याने यंत्र अस्सलही आहे. मात्र पार्लरचालकांनीही पुढे हाच मार्ग धरला. खेळाची कमाई घटली की नवे यंत्र घेण्याऐवजी जुन्याच कॅबिनेटमध्ये नवा खेळ बसवला जाई. त्यामुळे जुन्या यंत्रांत कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली थोडीच सापडतात.

खरेदी करणाऱ्याने काय पाहावे?

विक्रेत्याला एकच साल विचारू नये. कॅबिनेट, बोर्ड, पडदा आणि खेळ या चारही गोष्टींची साले स्वतंत्रपणे विचारावीत आणि मागील पट्टी व चिपवरील संकेत यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागावीत. चारही तारखा एकमेकींच्या जवळ येत असतील तर यंत्र मूळ असण्याची शक्यता जास्त. त्या जुळत नसतील तर यंत्र वाईट ठरत नाही. त्याची किंमत मात्र मूळ यंत्राची असू नये. एक सावधगिरी महत्त्वाची : यंत्र स्वतः उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

कायद्याचे संरक्षण आहे का?

भारतात पुरावशेष व कलावस्तू कायदा, १९७२ नुसार पुरावशेष ठरण्यासाठी वस्तू साधारणपणे किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. बाजारात आलेले पहिले व्हिडीओ गेम यंत्र ‘कम्प्युटर स्पेस’ १९७१ चे. म्हणजे या प्रकारातील सर्वांत जुन्या वस्तूलाही ती अट २०७१ पर्यंत पूर्ण करता येणार नाही. ‘व्हिंटेज’ हा शब्द तोवर विक्रेत्याच्या मर्जीवर चालणार. ही यंत्रे दुरुस्त होत राहणार, त्यांचे भाग बदलत राहणार, त्याशिवाय ती चालूच राहणार नाहीत. म्हणून कोणता भाग कधी बदलला याची नोंद यंत्रासोबत ठेवणे, हाच त्याचे वय जपण्याचा आज उपलब्ध असलेला मार्ग आहे.