इंग्रजीच्या तासाकडून काय मागायचं?

अकरावी-बारावीच्या इंग्रजीकडून आटपाडीत काय किंवा पुण्यात काय, अपेक्षा एकच: पोरगं फाडफाड बोललं पाहिजे. माझ्या मते ही अपेक्षाच चुकीची. भरलेल्या वर्गात बोलणं येत नाही, ते नोकरीत चार धक्के खाल्ले की जमतं.

मग मागायचं काय? २०१९ साली आलेल्या अकरावीच्या 'युवकभारती'त इब्सेनच्या 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' (१८८२) या नाटकातला उतारा घेतला. गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे, असं डॉक्टर स्टॉकमन सांगतो. दुरुस्तीला खर्च, शिवाय बाहेरून येणारी गिऱ्हाइकं तुटणार! मग गाव त्यालाच शत्रू ठरवतं. महापौर तर त्याचा सख्खा भाऊ. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये यावरच 'गणशत्रू' काढला. तिथं दूषित पाणी देवळातल्या तीर्थाचं.

टेंभूचं पाणी यायच्या आधी टँकरची वाट बघितलेल्या आटपाडीला पाण्यावरून होणारं राजकारण समजावून सांगावं लागत नाही. पण डायजेस्टमध्ये या नाटकाचं काय होतं? स्वभाववर्णन चार ओळी, कथानक दहा ओळी. संपलं!

'डॉक्टरच्या जागी तू असतास तर?' यावर वर्गात, मराठीतून का होईना, एकदा कडाक्याचं भांडण झालं की तास वसूल. कारण रिलीजच्या आदल्या दिवशी भर मीटिंगमध्ये 'यात गडबड आहे' म्हणायची वेळ आपल्यावरही येते. तेव्हा कमी पडते ती हिंमत, इंग्रजी नव्हे.

मार्कांसाठी डायजेस्ट वापरा खुशाल. पण नाटक एकदा अख्खं वाचाच.