सौर पॅनलचा जोड कोणत्या कंपनीचा?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आता सौर पॅनलची नवलाई राहिलेली नाही. ओतूर-नारायणगावकडे मळ्यांत सौर पंप दिसतात, मंचर-घोडेगावकडे गच्च्यांवर पॅनल दिसतात. दिवसाची वीज हवी असण्याला या भागात एक जास्तीचे कारण आहे. हा बिबट्याचा मुलूख. रात्री उसात दारे धरायला माणूस गेला की तो परत येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. घरांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे. तिच्यात ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते.

संच घेताना पॅनल कोणत्या कंपनीचे, युनिट किती पडतील, अनुदान कधी जमा होईल, हे आपण सगळे विचारतो. पॅनलच्या वायरींचा जोड कोणता, हे मात्र कोणी विचारत नाही. सौर संचांना लागणाऱ्या आगींच्या प्रमुख कारणांत हा जोड मोजला जातो. म्हणून या महिन्यात आम्ही त्याच्याविषयीच लिहीत आहोत.

प्रत्येक पॅनलमागून दोन वायरी निघतात आणि त्यांच्या टोकांना काळे प्लास्टिकचे कनेक्टर असतात. एकात पिन, दुसऱ्यात तिचे घर. दोन्ही दाबले की ‘टक्’ आवाज होऊन ते अडकतात. बाजारात याला ‘एमसी-फोर’ म्हणतात. हे नाव मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीच्या मालावरून पडले आणि त्यातला चार म्हणजे ४ मिलिमीटरची पिन. पुढे अनेक कंपन्यांनी तसेच दिसणारे कनेक्टर काढले. एकाची पिन दुसऱ्याच्या घरात बसतेही, आवाजही येतो, आणि वायरमनला वाटते काम झाले. पण धातूचा मुलामा, आतल्या स्प्रिंगचा ताण आणि रबरी वायसराची जाडी कंपनीगणिक वेगळी असते. अशा जोडात आज बिघाड दिसणार नाही. दोन-चार उन्हाळे आणि पावसाळे गेले की पकड सैल होते, आत ओल शिरते आणि धातू गंजतो.

पुढचा हिशोब सोपा आहे. जोडातून १० अँपिअर प्रवाह जात असेल आणि गंजामुळे तिथे ०.१ ओहम रोध आला, तर १० वॅट उष्णता तयार होते. रोध ०.५ ओहम झाला तर ५० वॅट. साध्या सोल्डरिंगच्या इस्त्रीला २५ वॅट पुरतात, म्हणजे तशा दोन इस्त्र्या त्या बोटभर प्लास्टिकमध्ये दिवसभर तापत राहतात.

दुसरा धोका ठिणगीचा. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनलची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही, म्हणून पेटलेली ठिणगी जळत राहते. ५४० वॅटची ६ पॅनल एका ओळीत जोडली तर प्रत्येकी सुमारे ४९ व्होल्ट धरून जवळपास ३०० व्होल्ट होतात. ऊन आहे तोवर ती वीज पॅनलमध्ये असतेच. मेन स्विच पाडला तरी.

नियम याबाबत स्पष्ट आहेत. कनेक्टरची चाचणी आयईसी ६२८५२ या मानकाप्रमाणे होते. पॅनलच्या मांडणीचे आयईसी ६२५४८ हे मानक सांगते की एकमेकांत बसणारे दोन्ही भाग एकाच उत्पादकाचे आणि एकाच प्रकारचे असावेत. अमेरिकेच्या विद्युत संहितेतही २०२० पासून अट आहे की दोन भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर ते एकमेकांसाठी चाचणी होऊन प्रमाणित झालेले असावेत. ‘एमसी-फोरला चालतो’ एवढे पाकिटावर छापलेले असणे म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

हा घोटाळा कुठे होतो, हेही समजून घ्या. दोन सारख्या पॅनलमधला जोड कारखान्यातून आलेला असतो, तो सहसा ठीक असतो. ओळीच्या टोकाला, जिथून वायर इन्व्हर्टरकडे किंवा पंपाच्या कंट्रोलरकडे जाते, तिथला जोड जागेवर तयार होतो. तिथे हाताला लागेल तो कनेक्टर वापरला जातो. म्हणून दरपत्रक घेतानाच पॅनलच्या माहितीपत्रकात कनेक्टरची कंपनी आणि मॉडेल पाहा आणि टोकाचा कनेक्टरही तोच, असे लिहून घ्या. वायरीला पिन बसवताना क्रिम्पिंगचे हत्यारच वापरले पाहिजे. पकडीने चेपलेली पिन आतून सैल राहते. मागचे नट नीट आवळलेले हवे. जोड स्लॅबवर किंवा पन्हाळीत पडलेला नको, पॅनलखाली चौकटीला बांधलेला हवा. भीमाशंकर पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. उघड्यावर चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड तर मुळीच स्वीकारू नका.

गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात, मुले पतंग उडवतात. वायर ओढायची नाही आणि जोड उघडायचा नाही, हे मुलांना समजावून सांगा. चालू संचाचा जोड मोठ्यांनीही सोडू नये. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, आणि पुढचे काम जाणकाराचे. जोड काळवंडलेला, वितळलेला दिसला किंवा जळका वास आला, तर हात न लावता संच बसवणाऱ्याला बोलवा. दोन्ही योजनांत पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर असते, तेव्हा संकोच करू नका.

मशिदीच्या किंवा मदरशाच्या छपरावर संच बसवणाऱ्या विश्वस्तांनाही आमची हीच विनंती आहे. पैसा जमातीचा असतो आणि त्या छपराखाली लेकरे बसतात. सर्वांत कमी दराचे पत्रक मंजूर करण्याआधी त्यात कनेक्टरची कंपनी लिहिली आहे का, एवढे पाहून घ्या.