बारा ते पाच

कोकणच्या उन्हाळ्याची सर्वांत मोठी बदनामी कोणी केली असेल, तर ती थर्मामीटरने. एप्रिल-मे महिन्यांत पेपरात चंद्रपूर ४४, अकोला ४३ असे आकडे झळकतात आणि खाली कोपऱ्यात आमचे बापडे अलिबाग ३३ वर बसलेले असते. तो आकडा वाचून विदर्भातले पाहुणे म्हणतात, "हा काय उन्हाळा? मजा आहे बुवा तुमची, समुद्र आहे!" दुसऱ्या दिवशी दुपारी हेच पाहुणे बनियन पिळून पंख्याखाली आडवे झालेले असतात आणि क्षीण आवाजात विचारतात, "कूलर नाही का हो तुमच्याकडे?"

मंडळी, कूलर कोकणात चालत नाही. म्हणजे फिरतो, आवाजही करतो, पण गारवा देत नाही. कूलरमधल्या पाण्याची वाफ झाली तर हवा गार व्हायची. आमच्या हवेत आधीच इतके पाणी असते की आणखी घ्यायला ती राजी नसते. घामाचेही तेच. मी कॉमर्सचा माणूस, तेव्हा बँकेच्या भाषेत सांगतो. घाम म्हणजे शरीराने आतली उष्णता काढून टाकण्यासाठी फाडलेला चेक. तो वटला, म्हणजे वाळला, तरच अंग थंड होते. कोरड्या हवेत तो लगेच वटतो. आमच्याकडे तो न वटता अंगावरूनच ओघळत परत येतो. चेकबुक संपते, उष्णतेची शिल्लक जागच्या जागी! ३३ अंश तापमानाला ७० टक्के दमटपणाची जोड मिळाली, की अंगाला ते ४३ च्या आसपास भासते, असा जाणकारांचा हिशेब आहे. खुद्द हवामान खातेसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना सपाट मुलखाला किमान ४० अंशांची अट घालते आणि किनाऱ्याला ३७ ची. सरकारी खाते तीन अंशांची सूट देते, ती काय उगीच?

आता स्वभावाचे बघा. गेली वीस वर्षे मी काउंटरच्या आत बसून माणसे न्याहाळतो आहे; इतका बिनचूक पारा वेधशाळेतही नसेल. सकाळी साडेदहाला येणारा गृहस्थ म्हणतो, "साहेब, जरा पासबुक भरून देता का?" बारा वाजता त्याच साहेबाचा "ओ भाऊ" होतो. अडीचला आलात तर ऐकाल, "पगार कशाचा घेता हो?" माणूस तोच, पासबुक तेच. आत बसलेल्याचीही तीच गत. सकाळी "काकू, इथे सही राहिली बघा" म्हणणारा कारकून अडीचला स्लिप सरकवतो आणि नुसते "सही!" म्हणतो. रात्री उकाड्याने डोळा लागलेला नाही, अंगातले मीठ-पाणी निघून गेलेले, हृदय कातडीकडे रक्त ढकलून ढकलून दमलेले. अशा देहातून सौजन्य यायचे कुठून? सौजन्याचे पोस्टर भिंतीवर आहे. त्याचाही गोंद दमटपणाने सुटला आहे.

आणि तरीही दुपारी पेंगणाऱ्याला आपण आळशी म्हणतो! "कोकणी माणूस आळशी" हा शेरा मारणारे बहुधा एसीत बसलेले असतात. आमची कोळीण उजाडायच्या आत बंदरावर हजर असते. मासळी विकून ती ओल्या नोटा घेऊन माझ्या काउंटरवर येते, तेव्हा शेरा मारणाऱ्यांचा दुसरा चहा चाललेला असतो. नागाव-चौलचा बागायतदार वाडीचे शिंपणे सकाळीच उरकतो. मग दुपारी ही मंडळी लवंडली तर तो आळस नव्हे, अक्कल आहे. पुण्याच्या "१ ते ४ बंद" पाटीवर साऱ्या महाराष्ट्राने विनोद करून घेतले. मी म्हणतो, आरोग्य खात्याने ती पाटी छापून फुकट वाटावी.

कारण हा नुसता पेंगण्याचा प्रश्न नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखोंचा समुदाय तासन्‌तास उन्हात बसला होता. पारा ३८ च्या आसपास, म्हणजे चंद्रपूरकर हसतील असा. उष्माघाताने १४ माणसे गेली. शिस्तीने, श्रद्धेने, जागचे न हलता बसलेली माणसे होती ती. त्यानंतर सरकारने जाहीर केले की उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत.

निर्णय शहाणपणाचा, वाद नाही. माझा सवाल एवढाच, की जी दुपार सत्काराला चालत नाही, ती कष्टाला कशी चालते? भाषण ऐकणाऱ्याचे रक्त तापते आणि मुंबई-गोवा महामार्गावर खडीची पाटी उचलणारीचे तापत नाही? मिठागरात मीठ ओढणाऱ्याचे कातडे काय सरकारने निराळे शिवून दिले आहे?

"मग कामे व्हायची कधी?" असे कोणीतरी विचारणारच. सकाळी ६ ते ११ आणि ऊन उतरल्यावर पुन्हा. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. मग त्याच पोरांच्या आईबापांनी काय घोडे मारले? काम बुडेल म्हणणाऱ्यांना मी हिशेबाचा माणूस म्हणून सांगतो, भर दुपारी दोन ते चार जे होते त्यातले बरेचसे काम नसतेच. दोनला घातलेला गोंधळ साडेतीनला निस्तरणे असते.

यात माझा स्वार्थ आहे असे वाटत असेल, तर तेवढे ऐकून घ्या. माझ्या डोक्यावर छप्पर आहे, पंखा आहे, आणि वीज असेल तेव्हा एसीही आहे. तेव्हा दुपारची पहिली सुट्टी खडीवालीला द्या, मग मिठागरवाल्याला, मग हातगाडीवाल्याला. कारकुनाचा नंबर शेवटी लागला तरी चालेल. टोकन घेऊन बसायचे कसे असते, ते एकदा आम्हालाही कळू दे.